तुमी म्हणाल तवा

माझ्या आयुष्यातलं पहिलं पद मुराळ्याचं. नेमणूक तोंडी, काम उन्हाळी, आणि पात्रता एवढीच की घरात दुसरा कोणी रिकामा पुरुष नसावा. ज्यांच्या घरी आता मुराळी लागत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्न झालेल्या बहिणीला सासरहून माहेरी आणायला जो भाऊ जातो, तो मुराळी. बहिणीनं आपली आपण पिशवी उचलून एसटीत बसायचं नाही. का नाही, असं मी एकदा आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तशी रीत नाय." रीत हा शब्द आला की आमच्या घरात पुढचा प्रश्न विचारत नसत.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, बारावी पास. दोन वर्षं रोज एसटीनं मंचरला कॉलेजला गेलेली, बसायला जागा दिली नाही तर कंडक्टरला चारचौघांत सुनावणारी. मी आठवीतला, एसटीत बसलो की तिसऱ्या वळणाला तोंड धरणारा. तर अशा ताईला वाटेत काही होऊ नये म्हणून सोबतीला मी. परतीच्या वाटेवर माझं डोकं खिडकीबाहेर आणि ताईचा हात माझ्या मानेवर, अशी आमची स्वारी निघायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निगालीस गं?" की ताई दुसऱ्या हातानं पदर सावरत सांगायची, "माहेरला. भाऊ आलाय न्यायला." आणि बाई माझ्याकडं कौतुकानं बघायची. म्हणजे माझ्या पाठीकडं.

आमचं गाव निरगुडसरच्या पट्ट्यातलं. नव्वदीत कालव्याचं पाणी आलेलं, त्यामुळं उन्हाळ्यातही हिरवं, आणि त्यामुळंच उन्हाळ्यातही कामाचं. सुट्टी हा शब्द शाळेचा. घरी त्याला 'आता पोरगं मोकळं हाय' असं म्हणत. कांदा काढायचा, पात कापायची, बारका-मोठा निवडायचा आणि बराखीत भरायचा. बराख म्हणजे कांद्यासाठी बांधलेली, चारी बाजूंनी वारा खेळणारी खोली. माणसांसाठी आमच्याकडं तशी एकही नव्हती. थोरला भाऊ भोसरीला कंपनीत, वडील कांद्यात अडकलेले, म्हणून मुराळीपण माझ्याकडं आलं, आणि मला ते फार आवडायचं. कांदा सुटायचा आणि वर पाहुणचार मिळायचा.

ताईला दिलं होतं मढला. जुन्नर तालुक्याचं वरचं टोक, माळशेजच्या वाटेवरचं. तिकडं भात, डोंगर, धरणाचं पाणी आणि करवंदं. आमच्यापासून अंतर एसटीनं तीन-चार तासांचं. मंचरला गाडी बदलायची, आळेफाट्याला बदलायची. आळेफाट्याला उसाचा रस प्यायचा नाही अशी मला घरून ताकीद असे आणि मी तो पीत असे. पुढं काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे.

आता यात्रेचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खाणार आहे. आमच्या गावची यात्रा ऐन उन्हाळ्यात. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे आणि मग कुस्त्या. पुरुषांसाठी एवढी सोय होती. बायकांसाठी स्वयंपाक होता. गावात येईल तो पाहुणा जेवून जायला हवा, त्यामुळं चुली दोन दिवस विझत नसत. पण पालखीच्या दिवशी दुपारी एक गोष्ट व्हायची. ताईच्या वर्गातल्या सात-आठ जणी, कोणी घोडेगावला दिलेली, कोणी खेडला, कोणी पारनेरकडं, एकजण पार चिंचवडला, अशा सगळ्या यात्रेसाठी माहेरी आलेल्या असायच्या. त्या देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर सावलीत बसायच्या. दोन तास, फार तर तीन. काय बोलायच्या कुणास ठाऊक. मी लहान असताना एकदा जवळ जाऊन बसलो तर, "ए, पळ इथून," म्हणून हाकललं होतं. लांबून फक्त हसणं ऐकू यायचं, आणि मधूनच सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. दिवाळीला हे जमत नसे, दिवाळीत प्रत्येकीची येण्याची वेळ वेगळी. सगळ्या एका जागी भेटायच्या त्या वर्षातून याच एका दुपारी.

आणि ताईची ती दुपार दोनदा हुकली होती. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेला ती आजारी पडली. दुसऱ्या यात्रेला तिचे सासरे वारले, घरात सुतक. मी सांगतोय ती तिसरी यात्रा. भाऊबीजेला गेलो होतो तेव्हाच तिनं मला बजावलं होतं, "यंदा कायबी होऊ दे, मी येणार."

वडिलांनी वेळापत्रक दिलं. "बुधवारी जा, शुक्रवारी घेऊन ये. रविवारी पालखी." एवढं सरळ काम. पण मग आईनं मला समोर बसवलं आणि सोयऱ्याच्या घरी कसं बोलायचं ते शिकवलं.

"उतावळेपणा करायचा न्हाई. 'धाडा, धाडा' करत बसू नको. त्यांचं बी कामाचं दिस हायेत. त्या इचारतील, कवा न्यायची? तर म्हणायचं, तुमी म्हणाल तवा."

"पण शुक्रवारी न्यायचीय ना?"

"आरं ऐक की आधी! तू म्हणायचं, तुमी म्हणाल तवा. मग त्या म्हणत्यात, न्हाई न्हाई, तुमीच सांगा. मग तू सांगायचं, शुक्रवारी."

मग तांदूळ निवडता निवडता आई ताईची सासू झाली आणि तिनं माझी तालीम घेतली. दोनदा मी एकदम 'शुक्रवारी' म्हणालो तर चापटी बसली. तिसऱ्यांदा बरोबर आलं. माझ्या आईच्या पट्ट्यात हे असंच चालायचं. आधी त्यांनी मान द्यायचा, मग आपण परत करायचा, आणि मग ठरलेलं तेच व्हायचं. दोन पायऱ्यांचा जिना. आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला, माणसं शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच धरतात हे आमच्या घरात कोणाच्या गावीही नव्हतं.

बुधवारी दुपारी मी मढला उतरलो. अंगात यात्रेसाठी शिवलेली नवी फुल पँट. दारात पाय धुवायला पाणी, मग चहा, मग पोहे. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचो. ठेंगणी, काटक, पायाला भिंगरी बांधल्यासारखी फिरणारी बाई. हसायला लागली की शेजारच्या घरात कळायचं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, घर आणि शेत ती आणि दाजी मिळून ओढत होते. चहाचा कप खाली ठेवला आणि तिनं विचारलं, "मग पावणं, कवा न्यायची म्हणता आमच्या लक्ष्मीला?"

मी तयारच होतो. पाठ ताठ करून म्हणालो, "तुमी म्हणाल तवा."

आणि दुसऱ्या पायरीची वाट बघत बसलो. मावशीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "आगं बया! काय शानं लेकरू हाय गं! लई मोठ्या मनाची माणसं तुमी. मला घोरच पडला व्हता, राब अजून भाजायचाय, आन् सून गेली तर मी एकटी काय काय करू? मंगळवारपतूर व्हतंय समदं. मंगळवारी जावा निवांत."

मी गारच पडलो. पुढचं आईनं शिकवलंच नव्हतं. ताई आतल्या घरात चूल फुंकत होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. तेव्हाच जीभ उचलून म्हणायला हवं होतं, मावशी, रविवारी यात्रा आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला मोठ्या मनाचं म्हटलं होतं. घरी मला तोंडभरून गाढव म्हणत.

राब म्हणजे काय ते आमच्याकडच्या ओल्या शेतीवाल्यांना कळायचं नाही. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर द्यायचे आणि ते सगळं भाजून काढायचं. म्हणजे भर उन्हात डोंगरातून पाल्याचे भारे डोक्यावर आणायचे, पसरायचे, आणि शेवटी त्या उन्हाला कमी पडू नये म्हणून आणखी आग लावायची. हे काम बायकांचं. ताई पहाटे जायची ती दुपारी यायची, तोंड काळं, केसांत काड्या. मी दाजींबरोबर धरणावर जायचो.

खरं सांगतो, माझ्या सगळ्या उन्हाळ्यांत ते दिवस सगळ्यात सुखाचे होते. लाजेनं सांगतो, पण होते. पाण्यात दोन-दोन तास डुंबायचं, वाटेत करवंदं खाऊन जीभ जांभळी करायची, घरी येऊन दह्याचं वाडगं संपवायचं आणि ओसरीवर पडायचं. कांदा नाही, वडील नाहीत. गुरुवारी मावशीनं शेजारच्या दोन बायकांना मुद्दाम बोलावलं आणि त्यांच्यासमोर मला विचारलं, "पावणं, सांगा बरं, कवा न्यायची सुनंला?" मी म्हणालो, "तुमी म्हणाल तवा." बायका एकमेकींकडं बघून 'बघ गं' म्हणाल्या. एकीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. असा मी वाडीत प्रसिद्ध होत होतो.

ताई मात्र त्या दुपारी म्हशीवर फार चिडलेली होती. मी ओसरीवर लोळत होतो आणि ती गोठ्यात पेंढा टाकत मोठमोठ्यानं बोलत होती. "खा, खा! तुला काय, आयतं मिळतंय! कशासाठी आणलीय तुला, काय करायचंय, कशाची शुद्ध हाय का? नुसतं गिळायचं आन् पसरायचं! आज गुरुवार झाला, उद्या शुक्रवार, हाय का ध्यानात?" मला वाटलं, म्हशीनं दूध चोरलं असणार.

शुक्रवारी सकाळी तिनं मला हापशावर गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"तू मला न्यायला आलास का हितं ऱ्हायला आलास रं?"

मी पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागलो.

"आज निघायचंय. बोल त्यांच्याशी. मला नाय बोलता येत, मी सून हाय, मी तोंड उघडलं की माहेरची वढ लागली म्हणतील. मुराळ्यानं मागायचं आसतं. तेवढ्यासाठीच तर तू आलायस." मग तिचा आवाज बारीक झाला. "दोन साल झाली, एकीचं बी तोंड बघितलं नाय मी. परवा समद्या यायच्यात. जा, बोल. येवढं कर माझ्यासाठी."

मी म्हणालो, "आत्ता जातो." आणि खरंच गेलो. मनाशी वाक्य जुळवत गेलो. मावशी, रविवारी यात्रा आहे, आजच न्यायचंय. सोपं होतं, एका दमात म्हणता येण्यासारखं होतं. दारात मावशी उभी होती, आणि तिच्या काखेत एक कोंबडा होता. लाल तुऱ्याचा, चांगला मोठा.

"पावणं, ह्यो बघा, रैवारी कापायचा. तुमच्यासाठीच धरलाय. दाजी म्हणतोय होडीतबी बसवतो पावण्यांला." मग ती थांबली आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "का न्यायची हाय आजच? मोकळं बोला हां. कवा न्यायची?"

याहून उघडं दार कोणी कोणासाठी उघडत नाही. मी कोंबड्याकडं बघितलं. कोंबड्यानं माझ्याकडं बघितलं.

"तुमी म्हणाल तवा," मी म्हणालो.

हापशावर ताई तशीच उभी होती, हंडा कधीच भरला होता. "बोललास?"

"बोललो."

"मग?"

"नाय म्हणाल्या. राब झाल्याबिगर धाडणार नाय म्हणाल्या."

हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि एक शब्दही अडखळला नाही. ताईनं हंडा उचलला, डोक्यावर चुंबळ न ठेवताच, आणि घराकडं गेली.

रविवारी कोंबडा कापला. तंगडी माझ्या ताटात ताईनंच वाढली. आमच्या गावात त्या वेळी पालखी निघाली असेल आणि देवळाच्या मागं पायऱ्यांवर सगळ्या जमल्या असतील हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी ती तंगडी खाल्ली आणि रस्सा मागून घेतला. सोमवारी राब पेटवला, डोळ्यात धूर गेला असं ताईनं सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. सगळ्यात आधी मी.

मंगळवारी दुपारी आम्ही गावात उतरलो तेव्हा पाळणेवाले पाळणा खोलत होते. मैदानावर नारळाच्या शेंड्या, फाटके फुगे आणि कुत्री. मैत्रिणी आदल्या दिवशीच पांगल्या होत्या, कोणाचे नवरे घ्यायला आले होते, कोणाचे मुराळी. ताई देवळाकडं न बघता सरळ घरी आली. आईनं दारातच विचारलं, "का गं इतका उशीर?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "राब व्हता." आई कडाडली. "राब! दोन साल पोरगी यात्रंला आली नाय आन् ह्यांना राब सुचतो! बाई हाय का कोण हाय ती!" शेजारणी आल्या, त्यांनीही दोन-दोन शिव्या घातल्या. मढच्या त्या बाईला आमच्या आळीत कोणी कधी बघितलं नव्हतं, पण आठवडाभरात ती सगळ्यांच्या ओळखीची झाली. मी गप्प होतो. माझ्या गप्प बसण्याचं वडिलांनी कौतुक केलं. पोरगं मोठं झालं, सोयऱ्याची निंदा करत नाय, म्हणाले.

इथंच संपलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण भाऊबीजेला मढला गेलो आणि बघितलं. ताई मावशीचं ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. मावशी चार वाक्यं बोलली की ताईचं उत्तर एक शब्द. 'व्हय.' 'नाय.' 'झालंय.' मावशीनं नवी चोळी आणली होती तिच्यासाठी, ती घडीसकट खुंटीवर. चालताना जमीन मोजत चालावं तशी ताई त्या घरात वावरत होती. आणि ते मावशीचं मोठ्यानं हसणं, ते मला दोन दिवसांत एकदाही ऐकू आलं नाही.

निघताना मावशीनं मला बाजूला घेतलं. "तुझ्या ताईला काय झालंय रं? माझं काय चुकलं आसंल तर सांग बाबा. उन्हाळ्यापास्नं पोर सरळ बोलत न्हाई माझ्याशी."

मी म्हणालो, "काय नाय मावशी. तिचा स्वभावच तसा हाय."

पहिलं खोटं घाबरून बोललो होतो. हे चांगलं विचार करून बोललो. त्या दिवशी आळेफाट्याला मी रस प्यालो नाही.

पुढच्या उन्हाळ्याला नेमणूक पुन्हा माझीच. आता मी नववी झालेलो, ओठावर लव आलेली, आणि डोक्यात एक पक्कं ठरवलेलं. या खेपेला आईची शिकवणी ऐकून घेतली आणि तिथंच सोडून दिली. वाटेत एकच वाक्य घोकत गेलो. मढला उतरलो, तरातरा चालत गेलो, आणि पाय धुवायला पाणी यायच्या आतच अंगणातून ओरडलो, "मावशी, मी न्यायला आलोय! परवा पालखी हाय. उद्या सकाळी निघायचंय!"

मावशी सुपात हिरडा निवडत बसली होती. तिनं मान वर केली, आणि वर्षानंतर ते हसणं मला परत ऐकू आलं.

"आगं आई गं! पावण्यांला कंठ फुटला यंदा! जावा की, उद्या कशाला, आत्ता जावा. पर मग गेल्या साली का न्हाई बोललास रं बाबा? तीन बारी इचारलं मी. तीन बारी! आन् तू आपलं एकच, तुमी म्हणाल तवा. मला वाटलं, तुझ्या आईनंच सांगून धाडलंय, इधवा बाई हाय, एकटीचा राब हाय, घाई करू नको म्हणून. समद्या वाडीला सांगत फिरले मी, सोयरं आसावं तर आसं."

तेवढ्यात दारात ताई होती. हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. किती वेळ उभी होती ते मला कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं की पुरेसा वेळ उभी होती.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "तुमी इचारलं व्हतं ह्याला?"

"इचारलं व्हतं की. बायकांच्या म्होरंबी इचारलं. शुक्रवारी तर कोंबडा घेऊन हुबी व्हते, म्हणलं, आजच न्यायची का?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. "खरं?"

मी मान डोलावली. मला वाटलं तांब्या डोक्यात बसणार, आणि बसला असता तर फार बरं झालं असतं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसली.

"वर्ष," ती म्हणाली. "वर्ष काढलं मी." मग मावशीकडं वळून, माझ्यासमोरच, तिनं सगळं सांगितलं. "ह्यानं मला सांगितलं, तुमी नाय म्हणालात. राब झाल्याबिगर धाडणार नाय म्हणालात. मी तुमच्यावर डूख धरून व्हते आत्या. तुमच्या हातचा चहा कडू लागायचा मला. चोळी घातली नाय. तुमाला ताप आला तवा काढा दिला आन् कपाळाला हात लावला नाय."

मावशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती म्हणाली, "मी म्हणायचे, ह्यांच्या माघारी मी लई बोलते म्हणून पोरीला नकोशी झाले." आणि पदर डोळ्याला लावला. मग त्याच पदरानं नाक पुसून माझ्याकडं वळली. "पावणं, हुबं का? पाणी प्या. उन्हातनं आलायसा."

आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलंय, पुढं नोकरीत साहेबांनी तर रांगेनं. पण त्या 'पाणी प्या'इतकं मला काहीच लागलं नाही. मी पाणी प्यालो आणि रडलो. दोन्ही एकदम केल्यामुळं ठसका लागला, आणि माझ्या पाठीत थोपटायलाही मावशीच आली. ताई उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन तयार बसलो. ताई राबाला निघालेली, कमरेला खोचलेला पदर.

"तू हो म्होरं," ती म्हणाली. "मी आजचा भारा टाकते आन् उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येते."

"एकटी?" हे मी आणि मावशी एकदम म्हणालो. मावशी म्हणाली, "आगं, पावना आलाय न्यायला, त्याला मोकळं धाडायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मुराळी बघितला मी." आणि मग सासूकडं बघून, अगदी साध्या आवाजात, "आत्या, उद्या जाऊ का मी यात्रंला? चार दिस ऱ्हायचंय मला. जाऊ?"

मावशी तिच्याकडं बघतच राहिली. माझ्या अंदाजानं त्या घरात सुनेनं सासूला असं तोंडावर, मधे कोणाला न घालता, पहिल्यांदाच विचारलं असेल. "जा की गं," मावशी म्हणाली. "मी सोडते तुला ष्टँडवर."

मी एकटा परत आलो. आईनं विचारलं, "ताई कुठाय?" मी सगळं सांगितलं, कोंबड्यासकट. आईनं मला मारलं नाही. ती कितीतरी वेळ तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच परत निवडत. शेवटी म्हणाली, "शिकवलं तर मीच." मला वाईट वाटलं, कारण तिची चूक पहिल्या दिवसापुरती होती, आणि बाकीचं वर्ष माझं होतं. तेही मी तिला सांगितलं.

पालखीच्या दिवशी सकाळपासून मी एसटी थांब्यावर उभा. अख्खं गाव तिथून येत-जात होतं, सनई वाजत होती, गुलाल उडत होता. अकराच्या सुमाराला गाडी आली. ताई उतरली, अंगात ती नवी चोळी, हातात पिशवी. मी पिशवी घ्यायला पुढं झालो. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या बाजूनं चालायला लागली. रागानं नाही. तिला ती जड नव्हती, एवढंच.

पारावर आमच्या आळीतली म्हातारी बसली होती. तिनं ताईला बघितलं, मग मागं कोणी उतरतंय का बघितलं, आणि गाडी निघून गेली तेव्हा चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "एकटीच आलीस का गं? भांडून आलीस का काय?"

"नाय आजे," ताई म्हणाली, "इचारून आले," आणि देवळाच्या मागच्या अंगाला वळली.